देवकाचा मोकळा रकाना

हुपरीची एक चांदीवाली मावशी लेकीसाठी स्थळ बघायला आमच्या केंद्रात आली होती. आवाज असा की खालच्या रस्त्यावरचा रिक्षावाला वर बघेल. माझ्या गळ्याकडं एकदा बघितलं, कपाळाकडं एकदा बघितलं आणि भरल्या खोलीत विचारलं, "दुसऱ्यांची जमवतीस, तुझं कुठं जमंना व्हय गं?" बाकावरची झाडून सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "मावशी, हलवाई कधी आपलंच दुकान खाऊन संपवतोय होय?" ती खो-खो हसली, माणसं हसली, मीही हसले. मग आत मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन कॉम्प्युटरपुढं बसले.

नवं शतक लागून थोडेच दिवस झाले होते. राजारामपुरीत एका औषधाच्या दुकानावर आमचं वधू-वर सूचक केंद्र होतं. आमचं म्हणजे गुरुजींचं. गुरुजी रिटायर झालेले शिक्षक. सगळ्या समाजांची स्थळं ठेवायची, कुणाला परत पाठवायचं नाही, हा त्यांचा बाणा. आधी सगळी माहिती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत कार्डांवर असायची. गुरुजींच्या मुलानं पुण्याहून आपला जुना कॉम्प्युटर पाठवला आणि तो चालवायला गुरुजींनी मला ठेवलं. मी बी.एस्सी. झालेली, एक कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, वडिलांच्या माघारी आईबरोबर पेठ वडगावात राहणारी, तिशी ओलांडलेली. भाऊ-वहिनी पुण्याला. सकाळच्या एस्टीनं यायचं, संध्याकाळच्या एस्टीनं जायचं. मधला सगळा दिवस कॉम्प्युटरचा पंखा घुंईऽऽ करत असायचा, गुरुजी पेपर वाचता वाचता पेंगत असायचे आणि माणूस आलं तर आलं.

पर्ल ही प्रोग्राम लिहायची भाषा मला कुणी शिकवली नाही. स्टँडवरच्या पेपरच्या स्टॉलवर कॉम्प्युटरचं एक मासिक मिळायचं, त्याबरोबर सीडी यायची, त्या सीडीत ती होती. कोल्हापुरात तेव्हा क्लास गल्लोगल्ली निघालेले, पण तिथं टायपिंग आणि हिशेब शिकवायचे. पर्ल म्हटलं की क्लासवाले माझ्याकडं असं बघायचे की मी त्यांना चिनी भाषेतला पत्ता विचारलाय. त्यामुळं जे काय शिकले ते एकटीनं, चुकत-माकत. आणि खरं सांगते, त्याची मला भारी मजा वाटायची. मजा वाटली की ती कुणाला तरी सांगावीशी वाटते, हे मात्र वाईट. एकदा जमलेला प्रोग्राम आईला सांगायला गेले. आईनं भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जेवून घे." तिचं काही चुकलं नाही. पण त्यानंतर मी घरी काही सांगायचं बंद केलं.

गुरुजींना वर्षाचा मेळावा घ्यायचा होता. त्यांची कल्पना अशी की मेळाव्याला आलेल्या प्रत्येकाच्या हातात त्याच्यापुरती छापील यादी पडावी, की बाबा, तुला जुळणारी स्थळं ही. यादीत नावं नाहीत, नुसते नोंदणीचे नंबर आणि गाव, शिक्षण, वय, नोकरी, चष्मा एवढंच. नाव-पत्ता विचारायचा तो टेबलावर येऊन. हे कार्डांवरून हातानं करायचं म्हणजे जन्म गेला असता. मी म्हटलं, "गुरुजी, मी प्रोग्राम करते." गुरुजी म्हणाले, "कर की. पण नियम माझं."

नियम त्यांनी तोंडपाठ सांगितले. वयात एवढं अंतर, उंचीत एवढं, समाज आपला किंवा 'चालेल' म्हटलेला. आणि शेवटचा नियम बोट वर करून सांगितला: "देवक एक आलं की काट. तिथं दयामाया न्हाई." आमच्याकडं निम्म्याअधिक नोंदी शेतकरी मराठा घरांतल्या. त्यांच्यात घरटी देवक ठरलेलं असतं. कुणाचं पंचपल्लव, कुणाचं कळंब, कुणाचं मोराचं पीस. लग्नाच्या आधी ते मांडवात पुजतात. दोन घरांचं देवक एक निघालं म्हणजे रक्त एक, मुलगा-मुलगी भाऊ-बहीण झाले, आणि मग रुपयासारखं स्थळ असलं तरी बोलणी तिथंच थांबतात. मी प्रोग्रामात तसंच लिहिलं: दोघांचं देवक सारखं असेल तर हे स्थळ सोडून पुढं जा. एका ओळीचं काम होतं.

आमच्यात देवक नाही. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि देव, देवक, कुंडली सगळं एका दिवसात घराबाहेर ठेवलं. आजी सांगायची, त्या दिवशी घर एकदम मोठं वाटायला लागलं. त्यामुळं नोंदी टाइप करताना बौद्ध कुटुंबाची नोंद आली की मी देवकाचा रकाना मोकळा सोडायची. बाकी सगळे रकाने भरायचे आणि त्या एका रकान्यावरून काही न लिहिता पुढं सरकायचं. खोटं कशाला बोलू, दर वेळी मला त्यात जरा ऐट वाटायची.

प्रोग्राम लिहिताना तपासायला म्हणून पहिली नोंद मी माझीच टाकली होती. वय खरं, उंची खरी, चष्मा आहे तोही लिहिला. नंतर ती काढून टाकणार होते. पण आईच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "राहू दे की. जगाची नावं घालतीस, तुझंच एक जड होतंय व्हय त्या डब्याला?" मी राहू दिलं. मशीन सगळ्यांना शोधतंय तर मलाही शोधू दे, असं मनात आलंच. वडगावात चार वेळा चहा-पोहे करून मी कंटाळले होते. मशीन निदान चष्म्याकडं बघून तोंड वाकडं करणार नव्हतं.

पहिल्यांदा चालवला तेव्हा याद्या भराभर निघाल्या. ह्या पाटलांना ही स्थळं, त्या चव्हाणांना ती स्थळं. गुरुजी खूश. मग मी माझा नंबर घातला. कागदावर वर माझा नंबर आला आणि खाली काहीच नाही. कोरा.

मी परत घातला. कोराच. आमच्यातल्या आणखी एका मुलीचा घालून बघितला, तोही कोरा. गुरुजींना दाखवलं. ते चष्मा वर करून म्हणाले, "तुमच्यातली नोंदणी कमी हाय, पोरी. त्याला मशीन तरी काय करणार?" मला ते पटलं. म्हणजे वाईट वाटलं, पण पटलं. कमी आहेत, जुळत नाहीत, माझं तर वयही वाढलेलं. कोरा कागद बघितल्यावर माणूस आधी स्वतःकडंच बघतं, प्रोग्रामकडं नाही. त्या संध्याकाळी एस्टीत मी खिडकीशी बसून डोळे मिटून घेतले होते, झोप लागली नसताना.

अशा कोऱ्या यादीची दुसरी एक व्यक्ती केंद्रात येत असे. गडहिंग्लजकडचा एक हायस्कूल मास्तर, विज्ञान शिकवणारा, आमच्याच समाजातला. पस्तिशीच्या आसपासचा. इन केलेला शर्ट, हातात घडी केलेली छत्री. कामानिमित्त कोल्हापूरला आला की केंद्राचा जिना चढायचा. दारातच चपला काढायचा, हे दुसरं कुणी करत नसे. बाकावर बसायचा आणि आपली पाळी आली की अदबीनं विचारायचा, "अक्का, काय हाय काय आमच्याजोगं?"

त्या भागात कर्नाटक जवळ, तिथं परक्या बाईला अक्का म्हणायची पद्धत आहे. अक्का म्हणजे ताई. वयानं लहान असली तरी अक्काच. मला कुणी पोरी म्हणायचं, कुणी बाई, कुणी मॅडम, चांदीवाल्या मावशीनं काय म्हटलं ते सांगितलंच आहे. त्या सगळ्यांत हे अक्का मला बरं वाटायचं.

"न्हाई हो अजून," मी सांगायची.

"असू दे. घाई न्हाई," तो म्हणायचा. घाई सगळ्यांनाच असते, नसती तर कोण गडहिंग्लजहून येऊन बाकावर बसलं असतं? पण तो तसं म्हणायचा. आणि मग एकदा त्यानं विचारलं, "हे शोधतंय कसं, अक्का? आत काय चालतंय?" तोपर्यंत मला हे कुणीही विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. एक नोंद घेतं, बाकीच्या नोंदींशी ताडून बघतं, न जुळणाऱ्या गाळतं. त्यानं मधे एकदा थांबवून शंका विचारली, आणि शंका बरोबर होती. गुरुजींची पेंग मोडली इतकी मी बोलत होते. जाताना त्यानं पिशवीतून भाजलेल्या शेंगांची पुडी काढून टेबलावर ठेवली. "आमच्याकडच्या हायत," म्हणाला.

तो गेल्यावर शेंगा खात मी त्याची नोंद उघडून बघितली. उगीच. वय, उंची, शिक्षण, समाज. मग बघता बघता हात थांबला. शेजारी माझी नोंद ठेवली. वयाचं अंतर गुरुजींच्या नियमात बसत होतं. उंची बसत होती. समाज एक. त्यानं नोकरीवाली चालेल लिहिलं होतं, मी शिक्षक चालेल लिहिलं होतं. पहिलीतल्या पोरानं बघितलं असतं तरी म्हणाला असता की जुळतंय. आणि मशीन दोघांनाही कोरा कागद देत होतं.

म्हणजे नोंदणी कमी नव्हती. माझंच गणित कुठंतरी बिघडलं होतं. मला एकदम आनंद झाला आणि दुसऱ्याच क्षणी संताप आला. इतके दिवस मी त्या डब्याचं ऐकून गप्प बसले होते!

मग सुरू झाली शोधाशोध. ओळन् ओळ वाचली. वयाचा नियम काढून बघितला, उंचीचा काढून बघितला. काही होईना. पाटील-चव्हाणांच्या याद्या सुरळीत निघत होत्या, त्यामुळं चूक दिसतच नव्हती. बरं, विचारायचं कुणाला? गुरुजींना? आईला? सगळ्या कोल्हापुरात मला हे विचारता येईल असं एक माणूस नव्हतं. एवढ्या मोठ्या गावात, जिथं पानाच्या टपरीवर उभं राहिलं तरी चार जण सल्ला द्यायला येतात, तिथं माझी अडचण कुणाला कळण्यासारखीच नव्हती. तेव्हा फार एकटं वाटलं. रंकाळ्यावर जाऊन भेळ खाल्ली तीही एकटीनं, आणि तिखट लागल्याचं निमित्त करून डोळे पुसले.

सायबर कॅफेत पर्ल शिकणाऱ्यांची एक चर्चेची जागा इंटरनेटवर सापडली. जगभरचे लोक तिथं प्रश्न टाकायचे आणि दुसरे उत्तर द्यायचे. कॅफे आमच्या केंद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. दुपारच्या सुट्टीत जायचं, लाकडी खोक्यात बसायचं. शेजारच्या खोक्यात कॉलेजची पोरं खिदळत असायची. प्रोग्राम फ्लॉपीत घालून नेला आणि तिथं चिकटवला. इंग्रजी माझं बेताचं. काही लोकांसाठी चालतो, काही लोकांसाठी चालत नाही, कृपया मदत करा, असं काहीतरी लिहिलं आणि घाबरून लगेच उठले.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर उत्तरं आलेली. वाचली तर काय, सगळ्यांनी मिळून मला झोडपलेलं. एक म्हणाला, हा काय प्रोग्राम आहे का गबाळ? दुसरा म्हणाला, सगळ्यात वर अमुक ओळ लिहिल्याशिवाय इथं तोंड दाखवू नका. तिसरा म्हणाला, पुस्तक वाचा. सगळे मला बाप्या समजून बोलत होते. च्यायला, म्हटलं, ह्यांच्यापेक्षा आमची चांदीवाली मावशी बरी! पण शिव्या का असेनात, माझ्या प्रोग्रामबद्दल कुणीतरी बोलत होतं. मी ती अमुक ओळ वर लिहिली. काही फरक पडला नाही. तसं कळवलं.

सगळ्यात खाली एकाचं छोटं उत्तर होतं. नावाच्या जागी नुसती दोन-तीन अक्षरं आणि आकडे. कुठल्या देशाचा, किती वयाचा, बाई की पुरुष, मला कधी कळलं नाही. मी मनात त्याला 'तो' धरलं. त्यानं लिहिलं होतं: एवढा मोठा प्रोग्राम नको. ज्यांचं जुळायला हवं आणि जुळत नाही अशा दोनच नोंदी द्या, आणि प्रत्येक रकाना कशासाठी आहे ते साध्या शब्दांत सांगा.

दोन नोंदी. एक माझी घेतली. दुसरी त्या मास्तरांची घेतली. समोर उघडीच होती म्हणून घेतली असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते मी किती मानलं, ते सोडा. नावं नाहीत, नुसते नंबर, वय, उंची, शिक्षण. दोघं शेजारी शेजारी टाइप करताना मला लाज वाटली आणि मी खोक्याचा पडदा ओढून घेतला.

त्याचं उत्तर आलं. वय ठीक, उंची ठीक. मग त्यानं विचारलं: देवक नावाचा हा रकाना काय आहे? आणि दोघांचं देवक सारखं असेल तर तुम्ही स्थळ टाकून देताय, इथं तुमच्याकडून उलटं झालंय का? जुळतंय ते ठेवायला हवं ना?

मी म्हटलं, शहाणाच आहे! पण मग लक्षात आलं की तो विचारतोय ते त्याच्या बाजूनं बरोबर आहे. त्याला कसं कळावं? मग मी बसून त्याला सगळं लिहिलं. मांडव इंग्रजीत कसा सांगायचा इथून तयारी. प्रत्येक घराचं एक झाड किंवा पान किंवा पीस असतं. लग्नाआधी त्याची पूजा करतात. दोन घरांचं एक असेल तर ती माणसं भावंडं, त्यांचं लग्न होत नाही. म्हणून सारखं आलं की काढायचं, उलटं झालेलं नाही. लिहिता लिहिता वाटलं, मी देवक सोडलेल्या घरातली, आणि परदेशातल्या कुणाला तरी देवक समजावून सांगतेय. हसू आलं.

त्याचं उत्तर असं: फार छान माहिती, धन्यवाद. मग नमुन्यातल्या ह्या दोघांची झाडं कोणती?

मी लिहिलं: ह्या दोघांना झाड नाही. ह्यांच्या आजोबांनी ते सगळं सोडून दिलं. म्हणून तो रकाना मोकळा आहे.

पुढच्या दिवशी गेले. ऊन होतं, चालून घाम आलेला, पंख्याखालचं खोकं रिकामं नव्हतं म्हणून कोपऱ्यात बसले. त्याची एकच ओळ होती. मोकळं आणि मोकळं हेही मशीनला सारखंच दिसतं. तुमचा प्रोग्राम ह्या दोघांना भाऊ-बहीण समजतोय.

मी इतक्या मोठ्यानं हसले की कॅफेवाला उठून बघायला आला. "काय झालं, म्याडम?" मी म्हटलं, "काही नाही, सापडलं." आणि मग हसू थांबेना, आणि ते थांबलं तेव्हा मला रडू येत होतं. मला वाटलं होतं, जे नाहीच ते सारखं कसं असेल? आमच्याकडं काही नाही म्हणजे तो प्रश्नच नाही. मशीनला तसं नव्हतं. मी ऐटीत मोकळे सोडलेले ते रकाने एकमेकांसारखे होते, आणि त्यापायी आमच्यातली झाडून सगळी माणसं एकमेकांची भावंडं झाली होती. ख्रिश्चनांची दोन-चार कुटुंबं होती, तीही आपापसांत तशीच. आजोबांनी एवढं सगळं घराबाहेर ठेवलं आणि नातीनं एका ओळीत ते परत आत आणून बसवलं. कुणाला सांगावं हे? आजी असती तर तिला सांगितलं असतं.

दुरुस्ती एवढीच, की दोन्हीकडं काहीतरी लिहिलेलं असेल तरच देवक ताडून बघायचं. केंद्रात परत येऊन ती ओळ बदलली आणि माझा नंबर घातला. प्रिंटरनं कर्रर्र करत कागद बाहेर टाकला. ह्या वेळी खाली नंबर होते. मिरजेचा होता, कागलचा होता. सगळ्यांत वर गडहिंग्लज.

तो कागद मी चौघडी करून पर्समध्ये ठेवला. मेळाव्याला दिवस थोडे राहिले होते. मी आईकडनं तिची मोरपंखी साडी मागून घेतली. आईनं ती इस्त्री करून दिली.

मेळावा एका मंगल कार्यालयात होता. माइक, हार, शिऱ्याचा वास, लहान पोरांची पळापळ. गुरुजी माइकवरून सारखे सांगत होते, आपापल्या याद्या टेबलावरून घ्याव्यात. टेबलामागं मी. याद्यांचा गठ्ठा समोर, रांग दारापर्यंत. आमच्यातली माणसं याद्या घेऊन उघडत होती आणि त्यांच्या तोंडावर जे दिसत होतं ते मी बघत होते. एका बापानं तर कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाला, "एवढी? आमच्यातली?" मला त्याला सगळं सांगावंसं वाटलं. मी म्हटलं, "व्हय. तुमच्यातलीच."

तो मास्तर आला. नवा शर्ट. छत्री नव्हती. मी त्याची यादी काढून दिली. तो कागद उघडायला लागला. यादीत सगळ्यांत वर माझा नंबर होता. पेठ वडगाव, बी.एस्सी., नोकरी, चष्मा. मी चष्मा काढून पुसायला घेतला आणि परत घातला. मनात वाक्य तयार होतं. सकाळपासून तयार होतं. साधं होतं, ती मीच.

त्यानं कागद माझ्याकडं वळवला, वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "अक्का, ह्या वडगावच्या आल्यात काय आज?"

मागं रांग होती. रांगेत चांदीवाली मावशी होती. गुरुजी माइकवर होते. पण ही सगळी कारणं मी नंतर शोधून काढलेली आहेत. तेव्हा मला फक्त ते अक्का ऐकू आलं. तो मला बहिणीचा मान देऊन विचारत होता, आणि त्याच्यासमोर मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते की मीच ती, बघा मला?

"न्हाई," मी म्हटलं. "त्या आल्या न्हाईत आज."

"बरं," तो म्हणाला. परत त्या ओळीकडं बघितलं. "येतील काय कधी?"

"सांगता येत न्हाई."

त्यानं मान हलवली, कागदाची नीट घडी घातली आणि खुर्च्यांकडं गेला. मागची मावशी पुढं सरकली आणि ओरडली, "आगं, मला दे की यादी, काय बघत बसलीस!"

संध्याकाळी घरी गेल्यावर आईनं विचारलं, "निघालं का काय?" मी म्हटलं, "गर्दी फार होती." मोरपंखी साडी घडी करून तिच्या ट्रंकेत ठेवली. आपली नोंद मी दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरमधून काढून टाकली.

पुढच्या उन्हाळ्यात तो केंद्राचा जिना चढून आला. चपला दारात काढल्या. बरोबर बायको, मिरजेकडची, नर्स, हसऱ्या तोंडाची. त्याच्या यादीतली दुसरी ओळ. हातात पेढ्यांचा बॉक्स. "तुमच्या मशीनमुळं जमलं बघा, अक्का," तो म्हणाला. बायकोला सांगितलं, "ह्या अक्कांनी लिहिलाय तो प्रोग्राम. सोपं न्हाई ते." ती वाकून नमस्कार करायला लागली. मी तिला वरच्यावर धरलं आणि जवळ घेतलं. चांगली मुलगी होती. खरंच चांगली होती. गुरुजींनी दोन पेढे खाल्ले, मी एक खाल्ला.

त्या दुपारी मी कॅफेत गेले. मेळाव्यानंतर तिकडं फिरकलेच नव्हते. त्या परक्या माणसाचे आभारही मानायचे राहिले होते. आमची चर्चा शोधून काढली. ती बरीच खाली गेली होती, वर दुसऱ्यांच्या अडचणी येऊन साचल्या होत्या. त्याच्या त्या ओळीखाली त्यानं नंतर आणखी एक प्रश्न लिहून ठेवला होता. त्यालाही बरेच महिने झाले होते.

प्रोग्राम चालला का? आणि मला उत्सुकता आहे, नमुन्यातले ते दोघं भेटले का?

जगात त्या दोघांना शेजारी शेजारी बघितलेलं तेवढं एकच माणूस होतं. शेजारच्या खोक्यात पोरं खिदळत होती. मग मी त्याचे आभार मानले, चांगल्या इंग्रजीत, दोनदा तपासून. आणि खाली लिहिलं: हो, भेटले. प्रोग्राम आता बरोबर चालतोय.